एक टाका उलटा

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने आयुष्यात एक हातरुमालसुद्धा विकला नसणार. दुकान उघडल्यावर चौथ्याच महिन्यात सुनेचं हे मत पक्कं झालं होतं. दुकान म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोठी खिडकी, एक इस्त्रीचं टेबल आणि एक मोबाइल. खिडकीशी बसून सासूबाई स्वेटर विणायच्या. सून त्याचे सुटे भाग जोडायची, धुवायची, वाफ द्यायची, घडी घालून पाकिटात भरायची. आणि मोबाइलमधून अख्ख्या जगातले शहाणे तिचं डोकं खायचे.

शहाण्यांचे प्रकार तरी किती! एकीने स्वेटर उकळत्या पाण्यातून काढला आणि फोटो पाठवला, ‘तुम्ही बाहुलीच्या मापाचा पाठवलात.’ एकाने पाचातला एकच तारा दिला. का, तर कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि झोपलेलं बाळ उठलं. एक बाई पंधरा दिवस रोज विचारत होती, निळा म्हणजे नक्की कसा निळा? सुनेने सकाळच्या उजेडात, दुपारच्या उजेडात, दिव्याखाली, पांढऱ्या भिंतीपुढे असे नऊ फोटो काढून पाठवले. सोळाव्या दिवशी उत्तर आलं, ‘मला खरं तर हिरवा हवा होता.’ आणि या सगळ्यांना लिहायचं काय, तर ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ वर एक हसरा चेहरा चिकटवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सासूबाईंच्या कानावर यातलं काही जात नसे. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे शिव्या द्यायच्या तर स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, एकटीनेच. पण सासूबाईंना त्रास द्यायचा नाही, हे सुनेने ठरवून टाकलं होतं. सासरे गेल्यावर ही बाई आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. सुनेने एक दिवस बाजारातून लोकरीचे चार गुंडे आणून तिच्या मांडीत टाकले, तेव्हा कुठे ती उठून बसली. ती विणत होती म्हणून जेवत होती, झोपत होती, भांडत होती. कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून सुनेने हे लचांड मागे लावून घेतलं ते काही फक्त विक्रीसाठी नव्हे.

सासूबाईंनी एकतीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात काढली होती, तीही विणण्यात नाही, तपासणीत. ट्यूबलाइट लावलेल्या टेबलापाशी उभं राहायचं, समोर येणारा प्रत्येक नग उलटा-सुलटा करून बघायचा आणि चूक दिसली की तिथे लाल दोरा बांधून परत पाठवायचा. कारखान्यातल्या मुली त्यांना ‘भिंग’ म्हणायच्या. समोर नाही, मागे. सासूबाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. सख्खी धाकटी बहीण त्याच कारखान्यात विणायला होती. तिचा नगसुद्धा लाल दोरा बांधून परत गेला आणि बहीण दोन वर्षं बोलली नाही. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि ताठा जास्त असायचा.

अशा बाईच्या हातचं विणकाम कसं असणार? नजर खिडकीबाहेर, तोंडाने समोरच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांची उणीदुणी, आणि बोटं आपली चाललीत. ओळ संपली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा. टाका चुकला असेल तर अंगठ्याला कळायचा, मग तिथल्या तिथे उसवायचं. अंगठ्याखालून गेलेली ओळ पुन्हा बघायची नाही. पूर्ण झालेला भागही त्या स्वतः कधी तपासत नसत.

“आपलं काम आपण तपासायचं नसतं,” त्या म्हणायच्या. “तिथे नजर लबाडी करते. कारखान्यात नियमच होता. आता विणणारी मी, तपासनीस तू. काही दिसलं तर दोरा बांध आणि टाक माझ्यापुढे. सासू म्हणून सोडायचं नाही.”

सुनेला कधीच काही दिसलं नाही. टाके कसे, छापल्यासारखे.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

‘साधीसरळ’ नावाचं एक गिऱ्हाईक होतं. फोटोच्या जागी सूर्यफूल. या साध्यासरळ बाईने आधी चाळीस प्रश्न विचारले, मग भावात घासाघीस केली, मग राखाडी स्वेटर मागवला, आणि पोचल्यावर लिहिलं, ‘हा हाताने विणलेला असूच शकत नाही. एकही चूक नाही. मशीनचा माल हातचा म्हणून विकणाऱ्यांपासून सावध!’ एक तारा.

सुनेने ते वाचलं आणि तिला पहिल्यांदा हसू आलं. चांगलं केलं म्हणून शिक्षा! पण हसू फार टिकलं नाही. अ‍ॅपवर त्यांच्या दुकानापुढे ‘हातकाम’ असा हिरवा शिक्का होता. त्या शिक्क्यामुळेच दुकान लोकांना दिसायचं. तो नसता तर हजारो मशीनवाल्यांच्या ढिगाऱ्याखाली कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. कंपनीचं पत्र आलं: शिक्क्याबाबत तक्रार, सात दिवसांत पुरावा द्या.

मग सुनेने सासूबाईंना चांगली साडी नेसवली, खिडकीत बसवलं आणि मोबाइल समोर धरला.

“कशाला गं?”

“जाहिरातीसाठी, आई.”

सासूबाई फोटोला बसतात तशा ताठ बसल्या आणि वीस मिनिटं विणत राहिल्या. मध्येच एकदा त्यांनी मोबाइलकडे बघून सांगितलं, “सुया घट्ट धरायच्या नाहीत. सुईला श्वास घेता आला पाहिजे.” कंपनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. चित्रफितीत दिसणारी व्यक्ती विणते आहे हे मान्य. परंतु तक्रारीतला नग याच व्यक्तीने विणला, हे त्यातून सिद्ध होत नाही. इशारा क्रमांक एक.

आता स्वेटर पोटात असल्यापासून त्याचे फोटो काढायला हवे होते की काय! सुनेचा संताप संताप झाला. तिकडे मशीनचा माल हातचा म्हणून विकणारे राजरोस विकत होते आणि पकडलं कुणाला, तर हिला. चोर सोडून संन्याशाला सुळी. पंधरा दिवसांत दुसरी तक्रार आली, वेगळ्याच माणसाची. त्याने स्वेटर नीट बघितलाही नसेल, सूर्यफुलाचं लिहिलेलं वाचूनच त्याला शंका आली होती. इशारा क्रमांक दोन. तिसऱ्या तक्रारीनंतर शिक्का जाणार, हे खाली ठळक अक्षरांत होतं.

सुनेने कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. बिचारी सभ्य होती. सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, एक सांगू का? माझं नाव नका सांगू. इतकं परफेक्ट नका देऊ. एखादी चूक ठेवा. बारीकशी. बाकीचे सेलर ठेवतात.”

“मुद्दाम?”

“लोकांना तसंच हवं असतं, मॅडम.”

सून दोन दिवस हे मनात घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने विषय काढला, तोही हसत हसत. आई, हल्ली फॅशन आहे, एखादा टाका उलटा घेतात, गंमत म्हणून.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “चूक? मुद्दाम?”

“चूक नाही हो, डिझाइनच.”

“डिझाइन असेल तर ओळीने घाल म्हणावं, शंभर ठिकाणी घाल. एकाच ठिकाणी उलटा पडला तर ती चूक. तिला दुसरं नाव नाही.” मग त्यांचा आवाज चढला. “एकतीस वर्षं माझ्या टेबलावरून खोटा नग पुढे गेला नाही. आता म्हातारपणी मी माझ्या हाताने खोट घालू? त्यापेक्षा सुया मोडून टाकते.”

तक्रारींचं सांगावं असं सुनेच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगणार काय? की तुमचं काम इतकं चांगलं आहे म्हणून लोक आपल्याला चोर म्हणतात? ही बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असती. सून “राहू द्या, आई” म्हणाली आणि कप विसळायला घेऊन गेली.

सासूबाई दुपारी जेवल्यावर तासभर आडव्या होत. विणकाम खुर्चीवर असे, सुयांच्या टोकांना बुचं लावलेली. त्या मंगळवारी सुनेने आतल्या खोलीत डोकावून त्यांचा श्वास ऐकला. मग खुर्चीशी गुडघ्यांवर बसून एक बूच काढलं. कडेचे दहा-बारा टाके सोडून एक टाका सुईवरून घसरू दिला. तो खाली खाली, पाच ओळी उतरत गेला आणि मधे शिडीसारखे आडवे धागे राहिले. तळचा टाका तिने क्रोशाच्या सुईने उचलला, मागून, म्हणजे उलटा. वरचे चार सुलट घेतले आणि टाका परत सुईवर चढवला. सुलट टाक्यांच्या त्या सपाट पाठीवर तिळाएवढा एक गोळा उभा राहिला. विणताना हात चुकला तर जशी चूक होते तशीच, हुबेहूब. हे तिला शिकवलं होतं सासूबाईंनीच. उलटा पडलेला टाका सुलट कसा करायचा ते शिकवलं होतं. तिने फक्त उलटं केलं.

चार वाजता सासूबाई उठल्या, खुर्चीत बसल्या, सुया उचलल्या आणि समोरच्या इमारतीतल्या बाईने गादी कशी चुकीची वाळत घातली आहे ते सांगू लागल्या. अंगठा नव्या ओळीवरून फिरत होता. पाच ओळी खालचं त्याला काय कळणार? सून मात्र त्यांच्याकडे पाठ करून घड्या घालत राहिली. चोरी केली होती तिने, आणि जिने विश्वासाने किल्ली दिली तिच्याच घरी.

तो स्वेटर गेला. आठवड्याने त्यावर पाच तारे आले. ‘पाठीवर एका ठिकाणी टाका उलटा पडलाय. तिथे बोट ठेवलं की विणणाऱ्या आजींचा हात हाताला लागतो. डोळे भरून आले.’

सुनेने ते तीनदा वाचलं. आजींचा हात! आजींच्या हाताने टाकलेले वीस हजार टाके या बाईला मशीनचे वाटले असते, आणि जो एकच टाका आजींचा नव्हता त्यावर बोट ठेवून ही रडत बसली होती. सुनेला वाटलं, मोबाइल खिडकीतून भिरकावून द्यावा. पण तिने लिहिलं, ‘आपल्या शब्दांनी आमचे कष्ट सार्थकी लागले,’ आणि हसरा चेहरा टाकला.

मग ती सरावली. माणूस कशालाही सरावतो. कधी पाठीवर, कधी बाहीवर, कधी बगलेशी. अकरा स्वेटर झाले. तक्रार एकही नाही. कंपनीने ‘मनापासून विणलेलं’ अशा यादीत दुकानाचं नाव वर नेलं. आणि एक दिवस खुद्द सूर्यफुलाने पुन्हा मागणी नोंदवली: ‘सुधारणा दिसते आहे. थोडी सूट मिळेल का?’

बाराव्या स्वेटरच्या वेळी सून पाकिटं द्यायला गेली होती. परत आली तर भर दुपारी खोलीत दिवा लागलेला. सासूबाई झोपलेल्या नव्हत्या. इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या होत्या, कारखान्यात उभ्या राहत असतील तशा, दोन्ही पाय जमिनीत रोवून. टेबलावर मरून रंगाचा एक स्वेटर उलगडलेला होता आणि त्याच्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, लाल दोरा बांधलेला होता.

“पार्सल आलं होतं,” त्या म्हणाल्या. “बाह्या दोन बोटं कमी करून हव्यात. चिठ्ठी आहे बघ.”

सुनेने चिठ्ठी उचलली. अक्षर मोठं होतं, सासूबाईंना सहज वाचता येईल असं. ‘बाहीवरचा चुकलेला टाका कृपया दुरुस्त करू नका. आम्हा सगळ्यांना तो फार आवडतो.’

“ही एकच चूक आहे की अजून आहेत?”

सुनेने चिठ्ठीची घडी घातली.

“वाच,” सासूबाई म्हणाल्या. “लोक लिहितात ना त्यात? वाच सगळं.”

“आई, जाऊ द्या ना.”

“वाच म्हणते ना.”

सुनेने मोबाइल काढला आणि वाचलं. चुका वगळून वाचायचा प्रयत्न केला, पण एकतीस वर्षं चुका पकडलेल्या बाईपुढे तिला ते जमेना, मधेच अडखळली की सासूबाई म्हणत, “काय खाल्लंस मधे? परत वाच.” उलटा टाका. बगलेशी टाका. खांद्यावर टाका. सासूबाई बोटांवर मोजत होत्या. दहा बोटं संपली, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली आणि तिथे थांबल्या.

“अकरा,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्यांनी स्वतःचा उजवा अंगठा उलटसुलट करून बघितला. “गेलं गं. नजर गेली म्हणावी तर अंगठाही गेला. आणि मला पत्ताच नाही.”

सुनेने तोंड उघडलं. चार शब्द होते, ‘आई, ते मी केलं.’ तोंडापर्यंत आलेही होते.

“तुला दिसत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “भाग जोडताना तुला सगळं दिसत होतं. म्हणून त्या दिवशी फॅशनचं काढलंस, हो ना? म्हातारीला लागू नये म्हणून. आणि मी तुझ्यावरच डाफरले.” त्यांनी सुनेचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. त्या तशा हात धरणाऱ्यांतल्या नव्हत्याच. “मी माझ्या सख्ख्या बहिणीला सोडलं नाही, पोरी. तू मला सोडलंस.”

आता बोललं पाहिजे, सुनेला कळत होतं. आत्ता नाही तर कधीच नाही. बोललं तर म्हाताऱ्या बाईला तिची नजर परत मिळेल, अंगठा परत मिळेल. पण मग ही बाई या घरात तिच्याशी दोन वर्षं बोलणार नाही, कदाचित कधीच बोलणार नाही, आणि सुईला तर हातही लावणार नाही. नाही बोललं तर ती विणेल. हे सगळं सुनेच्या मनात येऊन गेलं, आणि सगळ्यात शेवटी आला हिरवा शिक्का. तो आला याची तिला शिसारी आली. पण आला खरा.

“वय होतंच ना, आई,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. डोळे पुसले, नाक ओढलं आणि मोबाइलकडे बोट दाखवलं. “पण बघ, लोक किती चांगले आहेत गं. दाम मोजून खोटा नग घेतलाय, दिसतंय त्यांना, तरी कुणी वाईट लिहिलं नाही. वर म्हातारीचं कौतुक केलंय. तू उगाच स्वयंपाकघरात नळ सोडून शिव्या देत असतेस. ऐकू येतात मला.”

“हो,” सून म्हणाली. “चांगले आहेत लोक.”

“पण म्हणून फसवायचं नाही कुणाला. यापुढे प्रत्येक पाकिटात चिठ्ठी टाकायची. सांगते तसं लिही.” त्या ताठ बसल्या. “विणणारीची नजर कमी झाली आहे. चूक राहिली असेल तर सांभाळून घ्यावे. लिहिलंस?”

सुनेने लिहिलं नव्हतं. ती त्या दोन वाक्यांकडे बघत होती, म्हणजे ती वाक्यं कुठे ठेवल्यावर कशी दिसतील ते बघत होती. स्वेटरच्या घडीवर, उजव्या कोपऱ्यात. वर दोरा नको, टाचणी. याचा फोटो पहिलाच लावायचा. अकरा उलट्या टाक्यांनी झालं नाही ते या दोन ओळी करतील, आणि त्यासाठी दुपारी चोरासारखं गुडघ्यांवर बसावंही लागणार नाही. इतकं सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात बसलं आणि तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय करतो आहोत. कळूनही ती उठली. कपाटातून जाड, पांढरा कागद काढला, पेन काढलं आणि दोन्ही सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

“मी नको, आई,” ती म्हणाली. “तुमच्या अक्षरात लिहा. हात थरथरला तरी चालेल.”